तळ्याकाठी खोली

“हॅलो?... हॅलो? कोन, योगे का?... हां, बोल. अगं ऐकू यायलंय, वरडू नको... थांब जरा, हात पिठाचे हायत. धरू दे नीट.”

सत्यशीलाबाईंनी फोन खांदा वर करून कानाशी दाबला, परातीतल्या पिठावर ओलं फडकं टाकलं आणि तव्यावरचं धपाटं उलटलं. फोन वडवणीहून होता, धाकट्या बहिणीचा. सकाळपासूनचा कितवा, हे दोघींनीही मोजायचं सोडलं होतं. उद्या पहाटे गाडी निघायची होती. धारूरहून तेलगाव, तिथून वडवणीला योगिताला घ्यायचं आणि बीडवरून थेट पुणं. पुण्यापासून पुढे विमान.

“आनखी एक स्वेटर? कावून?... दोन हायत ना तुझ्याकडं. मंग बास झाले... अगं अंगद म्हनला ना, जाड एक घालन्यापरीस बारीक चार घाला. एकावर एक... हो, हो, कांद्यावानी... ते इनर मातर सोडू नको. साडीखाली घालायचं... अगं ऐक ना. कोन बघायलंय? तिथं वडवणीचं कुनी भेटनार न्हाई तुला... बरं. सासूबाईला नको सांगू मंग.”

योगिताच्या सासूबाई, बायनाबाई, या प्रवासाच्या बाजूने कधीच नव्हत्या. महालक्ष्म्या उठल्या न उठल्या तोच सून घराबाहेर पडणार, तेही पितरपाटात. आणि जायचं कुठे, तर देवाला नाही, नातलगाच्या लग्नाला नाही, एका तळ्याकाठच्या हॉटेलात राहायला. त्यांच्या लेखी हॉटेल म्हणजे चहा-भजी खाऊन उठायची जागा. तिथे मुक्काम कसला करायचा, हे त्यांना आजवर कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं.

“आज काय म्हनायल्यात?... बूट घालून घरात चालतीस म्हनून?... मंग बरोबरच हाय तुझं. नवे बूट घरात घालून सैल करावेच लागतेत. तिथं जाऊन पायाला फोड आला तर कुनाला दाखवायचा?... हसतेत तर हसू दे की. तू चाल.”

ते हॉटेल लडाखात होतं, पँगाँग नावाच्या तळ्याच्या काठावर. सत्यशीलाबाईंचा एकुलता एक मुलगा, अंगद, तिथे मॅनेजर होता. तळं इतक्या उंचावर की तिथे झाड उगवत नाही, डाळ कुकरशिवाय शिजत नाही आणि खालून नेलेली चिवड्याची पाकिटं आपोआप फुगून टच्च होतात. बालाघाटाच्या डोंगरात जन्म काढलेल्या बाईला डोंगर नवा नव्हता. पण अंगदने पाठवलेल्या फोटोंत गवताची काडीसुद्धा दिसत नव्हती. नुसते तपकिरी डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी कुणी निळीची पुडी उलटी केल्यासारखं पाणी. काठाने लाकडी खोल्यांची ओळ. दिवाळीनंतर थंडी वाढत जाते, पुढे पाणी गोठतं, हॉटेल बंद होतं, त्याच्या आत या, असं तो दर वर्षी म्हणायचा. यंदा त्याने विचारलंच नाही. आईची आणि वडिलांची, आबांची, तिकिटं काढून पाठवून दिली.

“पानी?... गोड कुठलं, खारं हाय ते. समुद्रावानी... मला काय माहीत बाई, कसं काय खारं. तिथं गेल्यावर अंगदलाच इचार... न्हाई, मासा बी न्हाई म्हने... अगं नुसतं बघायचं. बघायलाच येतेत लोकं.”

“आंघोळ?... न्हाई करायची. आधी दोन दिवस लेहला नुसतं पडून ऱ्हायचं. आंघोळ न्हाई, जिना चढायचा न्हाई, लई बोलायचं बी न्हाई... हां, ते तुला अवघड जाईल... पानी पीत ऱ्हायचं. डोकं दुखलं, मळमळलं, की लगेच सांगायचं, दाबून ठेवायचं न्हाई. हवा पातळ हाय तिथली. दम लागतो... डॉक्टरनं काय सांगितलं तुला शेवटी?... रक्त बरं हाय ना आता?... मंग झालं तर. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, बॅगेत नको टाकू.”

“अगं आन् तो फोन तिथं चालनार न्हाई तुझा... प्रीपेड हाय ना. तिकडं पोस्टपेडच लागतंय. मी घेतलंय. सासूबाईला माझाच नंबर दे... चटनी? चटनी केली. शेंगदान्याची बी, कारळाची बी... न्हाई, तेल नको टाकू वरून. गळतंय.”

धपाटी संपत आली होती. सत्यशीलाबाईंनी शेवटचं तव्यावर टाकलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. तिकडून योगिताने काहीतरी विचारलं. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं.

“कोन?... न्हाईत घरी... गेलेत बाहेर... काय म्हननार? काईच न्हाई. येतेत, जेवतेत, जातेत... न्हाई गं, बॅगा बघितल्या त्यांनी. बोलले न्हाईत.”

हे चाललं होतं ते अर्जुनरावांबद्दल. योगिताचे दाजी, सत्यशीलाबाईंचे मालक, आणि धारूरपासून आसपासच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत सगळ्यांचे आबा. जमीन भरपूर, शब्दाला वजन. तीन वर्षांपूर्वी बाजार समितीच्या निवडणुकीत त्यांनी अंगदला उभं केलं होतं. म्हणजे त्याला न विचारता पॅनलमध्ये त्याचं नाव टाकलं होतं, आणि गावोगाव सांगूनही झालं होतं. माघारीच्या शेवटच्या दिवशी अंगदने उमेदवारी मागे घेतली आणि तिथूनच पुण्याची बस धरली. त्याला हॉटेलचं काम आवडत होतं, तेच शिकला होता, तेच त्याने केलं. पण अर्जुनरावांना चार माणसांत मान खाली घालावी लागली. त्या दिवसापासून त्यांनी मुलाचं नाव घेतलं नाही. यंदा तिकीट आलं तेव्हा त्यांनी फोनच्या पडद्याकडे पाहिलं, सोयाबीन काढायला येतंय एवढंच म्हणाले आणि उठून गेले. मग अंगदने आबांचं तिकीट रद्द केलं आणि मावशीचं काढलं.

सत्यशीलाबाईंनी गॅस बंद केला. आवाज खाली आणला.

“योगे... अगं ऐक ना. एक सांगायचं होतं तुला... न्हाई, न्हाई, जायचं रद्द न्हाई. घाबरू नको... तुझे दाजी महिना झाला किल्ल्यावर जायलेत.”

“किल्ल्यावर. आपला धारूरचा किल्ला, दुसरा कुठला... रोज. दिस उगवायच्या आधी निघतेत... मला काय माहीत? मला वाटलं, निवडनुकीचं काई आसंल, जात असतील कुनाकुनाला भेटायला. मुंजाजीनं सांगितलं. त्याची चहाची टपरी हाय ना किल्ल्याच्या वाटंवर. म्हनला, वहिनी, आबांनी लई मनावर घेतलंय. चढतेत, वर जाऊन बसतेत, बोटाला चिमटा लावून बघतेत, आन् उतरतेत... चिमटा म्हंजी ते गं. कोरोनात घेतलं होतं बघ आपन, बोटाला लावायचं. रक्तात हवा किती हाय ते दाखवतंय... हो, तेच. मी कपाटात हुडकत होते, तुझ्यासाठी सोबत न्यावं म्हनून. कुठंच सापडंना. ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात निघालं.”

“आन् अंबाजोगाईला डॉक्टरकडं बी जाऊन आलेत. मला न सांगता. बीपीची गोळी बदलून दिलीय, ती बघितली मी, तवा कळलं... न्हाई, मी न्हाई इचारलं... कावून म्हंजी? त्यांनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. खिशातलं खिशात ठिवून दिलं.”

 वडवणीच्या त्या घरामागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, तेवढाच आवाज येत राहिला.

“हॅलो?... योगे? हाय का लाईनवर?... हां. मंग बोल ना... काय?... न्हाई... न्हाई म्हनले ना. ऐक, ऐक माझं. तू हे म्हननार म्हनूनच मी सांगत नव्हते तुला.”

योगिता जागा सोडण्यात पटाईत होती. लहानपणी दोघींत एकच पाट असला तर ती जमिनीवर बसायची, आणि पुढेही तिची ही सवय मोडली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी सगळे तिरुपतीला निघाले होते. जीप धारूरहून भरूनच निघाली, आणि तेलगावला अर्जुनरावांचे आणखी दोन कार्यकर्ते वाट बघत उभे होते. योगिता मागच्या सीटवर नवी साडी नेसून बसली होती. कुणी काही बोलायच्या आत ती म्हणाली, माझं डोकं दुखायलंय, मी काही येत नाही. पिशवी घेऊन फाट्यावर उतरली आणि वडवणीच्या बसची वाट बघत थांबली. जीप पुढे गेली. परत आल्यावर तिला लाडवाचा प्रसाद मिळाला.

“डोकं-बिकं काई दुखत न्हाई तुझं. मला नको सांगू... तेलगावच्या फाट्यावर बी असंच दुखलं होतं... कशी इसरीन?”

“अगं, बाप-लेकाचं ते बाप-लेक बघतील. तुझ्या तिकिटानं काय व्हनार हाय?... ऐक. अंगदनं तुझं नाव घेतलंय. शाळेला तुझ्या घरी ऱ्हायला, त्याला परीक्षेला उठवायला तू उठत व्हतीस. शेंगोळ्याला हुलग्याचं पीठ आन म्हनला, तर पुढं काय म्हनला माहीत हाय का? मावशीलाच करायला लाव, आई, तुझं बिघडतंय... हो, असंच म्हनला. मला. तोंडावर... हस, हस.”

“न्हाई योगे. तू येनार हायस. तू न्हाई आलीस तर मी बी बॅग उघडून कपडे परत कपाटात ठेवते. बघ मंग.”

तेवढ्यात बाहेरच्या फाटकाची कडी वाजली. पायजम्याची सळसळ ओसरीतून आत आली. एरवी अर्जुनराव ओसरीतल्या खुर्चीत बसायचे आणि तिथूनच पाणी मागायचे. आज ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि चौकटीला हात लावून उभे राहिले.

“हे आलेत... थांब. ठेवू नको.”

सत्यशीलाबाईंनी एका हाताने माठातून तांब्या भरला आणि पुढे केला. अर्जुनरावांनी पाणी प्यायलं. मधल्या खोलीतल्या पलंगावर दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या, त्यांच्याकडे पाहिलं. मग गाडी किती वाजता येणार, असं विचारलं. सत्यशीलाबाईंनी सांगितलं. तांब्या परत देऊन ते म्हणाले की ते पुण्यापर्यंत येतील, सोडायला.

“पुन्यापर्यंत?... ड्रायव्हर हाय की वळखीचा... योगे, पुन्यापर्यंत येतो म्हनायलेत. सोडायला... तू थांब जरा.”

फोन त्यांनी कानापासून बाजूला केला नाही. तसाच धरून त्या नवऱ्याकडे वळल्या.

“योगिता हाय फोनवर. ती म्हनती, तिच्या जागी तुमी जावा.”

अर्जुनरावांनी नाही म्हटलं नाही. हो म्हटलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिले, आणि सत्यशीलाबाईंना जे कळायचं ते कळलं. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाला कुठली गोष्ट मागताना पाहिलं नव्हतं. हवी असलेल्या गोष्टीजवळ ते जाऊन उभे राहायचे. मग कुणीतरी उठायचं, कुणीतरी ती गोष्ट त्यांच्या हातात आणून द्यायचं. इतकी वर्षं तसंच होत आलं होतं. आताही फोनच्या दुसऱ्या टोकाला एक बाई उठायला तयार होती.

“ती येनार हाय,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. “ती येनारच हाय. तुमाला यायचं आसंल तर तुमी तिसरे या. तिकीट भेटतंय अजून. पन तिथं खोली हाय का न्हाई, ते मला माहीत न्हाई. ज्याला माहीत हाय त्याला इचारा.”

“...मी न्हाई इचारनार. तुमी इचारा.”

“काई न्हाई गं योगे. गप हायत... न्हाई, चिडले न्हाईत. उभे हायत.”

 अर्जुनरावांचा चेहरा सभेत विरोधकाचा प्रश्न ऐकताना व्हायचा तसा झाला होता, कोरा. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि नंबर विचारला.

“सांगते. लावा तुमी.”

सत्यशीलाबाईंना तो नंबर पाठ होता. त्या एकेक आकडा सावकाश सांगू लागल्या आणि अर्जुनराव अंगठ्याने दाबू लागले. चार-पाच आकडे झाले असतील, तोच त्यांच्या फोनच्या पडद्यावर नाव उमटलं. अंगद. नंबर आधीच तिथे होता. अर्जुनरावांनी अंगठा आडवा धरला. सत्यशीलाबाईंनी दिसलं नाही असं दाखवलं आणि उरलेले आकडेही शेवटपर्यंत सांगितले. ते फोन घेऊन ओसरीत गेले.

“योगे... लावायलेत... हळू. तू बोलूच नको जरा... लागला वाटतं... रिंग जायली असंल... न्हाई, ऐकू येत न्हाई हितून. कानाला धरून बसलेत.”

“...न्हाई, उचलंना. अगं गिऱ्हाईक असतेत त्याला या येळंला. आन् तिकडं रेंज कुठं धड असती... ठेवला ह्यांनी.”

ओसरीत अर्जुनराव खुर्चीत बसले होते. फोन मांडीवर पालथा घातला होता. दुसऱ्यांदा ते लावणार नाहीत, हे सत्यशीलाबाईंना न सांगता माहीत होतं. एकदा लावला, झालं. पुढची तीन वर्षं सांगायला तेवढं पुरलं असतं.

“काय करू?... मी काय करनार? मी न्हाई जात त्यांच्यापाशी... थांब. थांब, योगे. मधी मधी टुक टुक वाजायलंय माझ्या फोनवर.”

त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरला आणि परत कानाला लावला.

“अंगदचा यायलाय... हो, आत्ताच. मला... कावून म्हंजी? आबांचा मिस कॉल बघितला असंल. तीन वर्षांत पहिला. घाबरलं असंल पोरगं, घरी काय झालं म्हनून. मला इचारायला लावला असंल.”

“न्हाई... न्हाई, उचलत न्हाई मी... अगं, मी उचलला तर मलाच इचारील. मी ह्यांना सांगायचं, ह्यांनी मला सांगायचं, मी त्याला. तेच चाललंय इतके दिवस... वाजायलंय अजून... मला बी कसंतरी व्हायलंय गं. काय वाटत असंल त्याला... पन वाजू दे. मी न्हाई उचलला तर कुनाला लावील? बापालाच लावील की.”

त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मोकळा हात त्यांनी पदरात गुंडाळला होता. कानात ते बारीक टुक टुक चालूच होतं. तिकडे तळ्याकाठी पोरगा हातातलं काम टाकून उभा असेल, रेंज सापडेल अशा एखाद्या कोपऱ्यात, आणि आई का उचलत नाही म्हणून पडद्याकडे बघत असेल. हे सगळं त्यांना दिसत होतं. पण मोकळा हात त्यांनी पदरातून बाहेर काढला नाही.

“...थांबलं. बंद झालं... हॅलो? हो, हाय मी. तू बी थांब.”

 वडवणीचा ट्रॅक्टरही आता बंद पडला होता. योगिताचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

ओसरीत फोन वाजला.

अर्जुनरावांनी तो उलटा केला. पडद्याकडे पाहिलं. दारात उभी असलेली बायको त्यांना दिसली असावी, पण त्यांनी मान वळवली नाही.

“वाजायलाय,” सत्यशीलाबाई अगदी हळू म्हणाल्या. “हो, त्यांचा... नुसतं बघायलेत... अजून बघायलेत...”

“उचलला.”

अर्जुनराव खुर्चीतून उठले आणि पाठ फिरवून फाटकाकडे तोंड करून उभे राहिले. ते आधी काय बोलले ते ऐकू आलं नाही. माईक नसला तरी मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज आज ओसरीची पायरीसुद्धा ओलांडत नव्हता. घरी सगळं बरं आहे, असं काहीतरी असावं, कारण त्यांनी दोनदा मान हलवली. मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. मग घसा साफ केला आणि काहीतरी विचारलं.

“काय सांगू?... अगं, थंडी किती हाय म्हनून इचारायलेत.”

पलीकडून आवाज आला तो ओला होता. सत्यशीलाबाईंनी तो थोडा वेळ ऐकून घेतला.

“रडायला काय झालं आता?... न्हाई, खोलीचं अजून इचारलं न्हाई. इचारतील... बरं, ऐक. पहाटे तयार ऱ्हा. गाडी दारात थांबनार न्हाई लई येळ... हो... हो, तिघं. ठेवते मी आता. ह्यांचे गरम कपडे कुठं ठेवलेत, ते हुडकायचं हाय.”

आणि त्यांनी फोन ठेवला.